पहिला दोर

हिंजवडीच्या चौकात फ्लेक्स लागला शुक्रवारी, आणि ज्या पराक्रमाबद्दल तो लागला होता तो व्हायचा होता रविवारी. याचं कुणालाच काही वाटलं नाही. आमच्याकडे निवडीबद्दलचं अभिनंदन निवडीच्या आधी होतं आणि रस्त्याचं लोकार्पण रस्ता नसतानाही उरकून घेतात. मग एका मुलीच्या शौर्यानंच तारखेची वाट का बघावी?

फ्लेक्सवर दोराला लटकलेली एक बाई होती. दंड कुणा गोऱ्या परदेशी गिर्यारोहक बाईचे आणि त्यावर चेहरा संस्कृतीचा, तोही गॅदरिंगमधला, लिपस्टिक आणि नथीसकट. खाली लिहिलं होतं, 'घारकड्याची वाघीण! पहिला दोर उतरणारी आपल्या गावची कन्या कु. संस्कृती विक्रमशेठ हिचे हार्दिक अभिनंदन.' त्याखाली गॉगल लावलेले शुभेच्छुक. आणि कोपऱ्यात, कन्येपेक्षा मोठ्या आकारात, हात जोडलेले स्वतः विक्रमशेठ.

विक्रमशेठच्या वडिलांच्या ज्वारीच्या रानात आता सॉफ्टवेअर कंपनी उभी आहे. शेठकडे हॉस्टेलं आहेत, पाण्याचे टँकर आहेत, आणि येत्या निवडणुकीचं तिकीट तेवढं नाही. तिकीट देणारे भाऊ त्याच आठवड्यात गावात कार्यक्रमाला येणार होते. फ्लेक्स छापणारा सुदर्शन हा शेठचा उजवा हात. तो म्हणाला, "शेठ, लग्नसराई हाय, रविवारी छपाईला लाईन लागती. आत्ताच छापून टाकू. पोरगी काय, उतरंलच की."

पोरगी उतरेल का, हे पोरीला विचारायचं राहून गेलं.

संस्कृती तेरा वर्षांची होती आणि तिला उंचीची भीती वाटे. साधीसुधी नाही. स्वतःच्या घराच्या गच्चीवर ती जात नसे, मॉलमधल्या सरकत्या जिन्यावर डोळे मिटून आईचा हात धरी. या सुट्टीत तिला मातीकामाच्या वर्गाला जायचं होतं. कोथरूडला एक बाई मुलांना चाकावर भांडी घडवायला शिकवतात, तिथं. शेठ म्हणाला, "मडकी घडवून कुणाचा फोटो येतो का पेपरात?" आणि तिचं नाव 'कातळवाट उन्हाळी साहस शिबिरा'त घातलं गेलं.

'कातळवाट' चालवत इंद्रजीत सर. अंगानं सडपातळ, दाढी पांढरी, आवाज मऊ. कधीकाळी हिमालयात दोन-तीन मोठी शिखरं चढून आलेले. बिबवेवाडीत एका शाळेच्या मैदानाच्या कोपऱ्यात त्यांची सरावाची भिंत होती. मुलं तिथं महिनाभर सकाळी गाठी मारायला आणि भिंत चढायला-उतरायला शिकत, आणि मेच्या शेवटच्या रविवारी मुळशीच्या पलीकडे घारकड्यावर खरं रॅपलिंग होई. रॅपलिंग म्हणजे कंबरेला पट्टा बांधून, दोराला धरून, कड्याच्या पोटाला पाय लावत उलटं खाली उतरायचं. बघणाऱ्याला सोपं वाटतं.

शिबिरातली एक प्रथा जुनी होती. महिनाभराच्या सरावात जे मूल सगळ्यांत चांगलं, त्याला 'पहिल्या दोरा'चा मान. त्या दिवशी दोराला हळदकुंकू वाहून, नारळ फोडून ते मूल सगळ्यांच्या आधी कडा उतरायचं. तेव्हा वर फक्त ते मूल आणि सर असत. बाकीची मुलं आणि पालक दरीच्या पलीकडच्या पठारावरून बघत. उतरून झालं की सर वरून दोर खाली सोडत. तो गुंडाळून, खांद्यावर टाकून, त्या मुलानं पायवाटेनं पठारावर यायचं. दोर घेऊन येणाऱ्याला सगळे उभं राहून टाळ्या देत. आणि हिमाचलातल्या मुलांच्या गिर्यारोहण वर्गाची जी एकुलती जागा 'कातळवाट'ला मिळे, ती त्याची.

यंदा पहिला दोर अक्षताचा होता. सरांनी स्वतः सगळ्यांसमोर सांगितलं होतं.

अक्षता बिबवेवाडीचीच. वडील, चेतन, नोकरीनिमित्त नागपूरला. आई शर्मिला स्वारगेटच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक. गाडी कुठल्या फलाटाला लागली ते माइकवरून सांगणारा तो कोरडा, खणखणीत आवाज तिचाच. मुलगीही तशीच, कमी बोलणारी. घराच्या गॅलरीतल्या कपडे वाळत घालायच्या दोरीवर ती रात्रंदिवस गाठी मारत बसे, त्यामुळे त्या घरात महिनाभर कपडे खुर्च्यांवर वाळले. हिमाचलच्या त्या वर्गात चौदा पूर्ण झालेल्यांना घेत नाहीत, आणि अक्षताला पुढच्या जानेवारीत चौदा पूर्ण होणार होती. म्हणजे यंदा नाही तर नाहीच. हे तिला ठाऊक होतं, आईला ठाऊक होतं आणि सरांनाही ठाऊक होतं.

दोघी मुलींची मैत्री झाली होती, म्हणजे निदान अक्षताला तसं वाटत होतं. भिंतीवर चढताना संस्कृतीचे पाय लटपटायला लागले की बाकीची मुलं खालून म्यांव म्यांव करत. अक्षता करत नसे. ती सांगे, "खाली बघू नको. दोराकडे बघ." मुलं निरागस असतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा मधल्या सुट्टीत शाळेच्या कुंपणाशी उभं राहून बघावं.

सर मात्र अडचणीत होते. शाळेला मैदानावर पार्किंग करायचं होतं, भिंत जूनमध्ये पडणार होती. विक्रमशेठनं हिंजवडीत नव्या भिंतीसाठी जागा देऊ केली होती. बदल्यात त्यानं काही मागितलं नव्हतं. एवढंच म्हणाला होता, "सर, पोरीकडं जरा लक्ष असू द्या." सरांनी मान डोलावली. त्या मान डोलावण्याचा अर्थ शेठनं आपल्या पद्धतीनं लावला आणि सुदर्शननं तो फ्लेक्सवर छापला. शुक्रवारी सरांच्या फोनवर फ्लेक्सचा फोटो आला. त्यांनी त्याला हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं.

रविवारी शर्मिलाला रजा मिळाली नाही. सुट्टीची गर्दी, जादा गाड्या. तिनं सकाळी मुलीची वेणी घट्ट घातली आणि म्हणाली, "फोटो काढायला सांग कुणाला तरी." एवढंच. पण त्या दिवशी दुपारपर्यंत तिनं दोनदा चुकीचा फलाट सांगितला. असं तिच्या नोकरीत कधी झालेलं नव्हतं.

घारकड्याच्या माथ्यावर चार माणसं होती. प्रथेपेक्षा दोन जास्त. सर, अक्षता, आणि संस्कृतीला घेऊन विक्रमशेठ. सर अक्षताला म्हणाले, "तू त्या झाडाखाली बस जरा. हिला कडेला बसवून नुसता फोटो काढायचाय." अक्षता बसली. फोटोला कोण नाही म्हणणार?

संस्कृतीनं पिवळंधमक नवं जॅकेट घातलं होतं आणि डोक्याला लाल हेल्मेट. सरांनी तिला दोराला अडकवलं. शेठनं तिला खांद्याला धरून कडेपर्यंत नेलं. पलीकडच्या पठारावर मांडव दिसत होता, त्यात मुंगीएवढी माणसं, आणि सुदर्शनचा माइक इथपर्यंत ऐकू येत होता.

"पप्पा, मला नाही जमणार."

"जमत न्हाई म्हंजे? महिनाभर काय केलं मग?"

"पप्पा, प्लीज."

"फ्लेक्स लागलाय चौकात. भाऊंनी बघितलाय. आता काय फ्लेक्स उतरवू का?"

ती कडेवर बसली आणि तिनं दोन्ही हातांनी शेठचा पाय धरला. शेठनं एकेक बोट सोडवलं. तिनं परत धरला. तिची पँट ओली झाली. शेठनं ते पाहिलं, आणि बाप म्हणून त्याला जे वाटलं ते त्यानं बोलून दाखवलं, "घरातली मांजर तरी उडी मारती गं. तू तर तेवढी पण न्हाईस. बाटली सांडली म्हणून सांग लोकांना."

सर मध्ये पडले. मऊ आवाजात म्हणाले, "शेठ, असं नको. पडेल. मला एक मिनिट द्या." इथं सज्जन माणसानं मुलीला पट्ट्यातून सोडवलं असतं आणि बापाला खाली पाठवलं असतं. सरांनी मुलीला सोडवलं खरं. मग तिचं जॅकेट काढून घेतलं, हेल्मेट काढून घेतलं आणि दोन्ही घेऊन ते झाडाखाली आले.

"अक्षता, आपला टी-शर्ट करडा आहे. कातळावर तू दिसणारच नाहीस समोरच्यांना. हे घाल. फोटो फक्कड येईल."

अक्षतानं जॅकेट घातलं. तिच्या मापाचंच होतं, दोघी एकाच अंगाच्या. तिला आनंद झाला. आईनं फोटो काढायला सांगितलं होतं. जाताना ती संस्कृतीजवळ थांबली आणि म्हणाली, "रडू नको. पुढच्या वर्षी तू." मग शेठ मुलीला दंडाला धरून पायवाटेनं दरीत निघाला.

नारळ फुटला. अक्षता उतरली.

कशी उतरली हे पठारावरच्या सगळ्यांनी पाहिलं, आणि त्याबद्दल आजही कुणाचा वाद नाही. ना घाई, ना धसमुसळेपणा. पाय कातळावर पसरून, अंग मागे झोकून, दोर हातातून आपल्याला हवा तेवढाच सोडत. अर्ध्यावर ती क्षणभर थांबली, तेव्हा पलीकडच्या बायकांनी तोंडावर हात घेतला. मग ती परत निघाली आणि दरीतल्या झाडीत दिसेनाशी झाली. सुदर्शनच्या कॅमेऱ्यानं पिवळं जॅकेट टिपलं. तोंड कातळाकडे होतं.

खाली शेठ आणि संस्कृती उभे होते. अक्षताचे डोळे चमकत होते. आयुष्यात पहिल्यांदाच ती न विचारता इतकं बोलली.

"अगं, अर्ध्यावर ना, एक सरडा होता. कपारीत. माझ्या नाकासमोर. शेपूट तुटलेला. माझ्याकडे बघून नुसता मान खालीवर करत होता. मला इतकं हसू आलं, मी थांबलेच. कुणाला सांगू नको हं, लोकांना वाटेल घाबरले म्हणून थांबले."

"नाही सांगणार," संस्कृती म्हणाली.

"दे बाळा ते जॅकेट," शेठ म्हणाला. "हिला गार लागतंय." मे महिन्याची दुपार होती.

अक्षतानं जॅकेट दिलं, हेल्मेट दिलं. वरून दोर आला. पहिल्या दोराचा मान म्हणून तो नीट गुंडाळायचा असतो. ती तिथं दगडावर बसून एकेक वेढा सारखा करत गुंडाळत राहिली, आणि बापलेक पायवाटेनं पुढे गेले.

दोर खांद्यावर टाकून ती पठारावर आली तेव्हा टाळ्या वाजून संपल्या होत्या. मांडवात खुर्चीवर पिवळं जॅकेट बसलेलं होतं, गळ्यात झेंडूचा हार, कपाळाला गुलाल. सर माथ्यावरून जवळच्या आडवाटेनं आधीच पोचले होते आणि माइकवर सांगत होते, "साहस म्हणजे काय, तर ऐनवेळी पुढे होणं. जिची निवड झाली होती, तिचा धीर वरती खचला. तिला आपण दोष देणार नाही. पण अशा वेळी ही मुलगी पुढे आली."

अक्षता दोर घेऊन उभी. तिला आधी कळलंच नाही की धीर कुणाचा खचला. मग मुलांनी वळून तिच्याकडे पाहिलं आणि मागच्या रांगेतून म्यांव आलं. मग दुसरं. महिनाभर जे संस्कृतीच्या वाट्याचं होतं ते सगळं एका मिनिटात तिच्या नावावर झालं. बसमध्ये ती खिडकीला डोकं टेकून बसली आणि तिनं एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगितलं, "मी उतरले." म्यांव करण्यात जी मजा आहे ती ऐकून घेण्यात नसते, त्यामुळे कुणी ऐकलं नाही. संस्कृती पप्पांच्या गाडीतून गेली होती.

शर्मिलानं रात्रीच सरांना फोन केला.

"सर, माझी मुलगी खोटं बोलत नाही."

"मॅडम, मुलं भावनेच्या भरात..."

"तुम्ही वर होतात. कोण उतरलं तेवढं सांगा."

"अहो, एवढं काय मनाला लावून घेता? पुढच्या वर्षी आपण तिला..."

"पुढच्या वर्षी ती बसत नाही. हे तुम्हीच सांगितलंत मला." सरांना रेंज मिळेनाशी झाली. पुण्यात माणसाला नको असेल तेव्हा रेंज बरोबर जाते.

बुधवारी संध्याकाळी हिंजवडीतल्या मंगल कार्यालयात सत्कार होता. भाऊ येणार होते. चौकातला जुना फ्लेक्स उतरला होता आणि तिथं नवा लागला होता. यावेळी दंडही खरे होते आणि कातळही. कड्यावर पाठमोरी पिवळी आकृती, आणि कोपऱ्यातल्या वर्तुळात संस्कृतीचा चेहरा. अक्षता त्याच्याखाली थांबली. आयुष्यातला तिचा सगळ्यांत चांगला फोटो. आईला दाखवत म्हणाली, "बघ, पाय कसे पडलेत बघ." शर्मिलानं बघितलं. मग मुलीचा हात धरून ती कार्यालयात शिरली आणि सरळ पुढच्या रांगेत जाऊन बसली.

भाऊंचं भाषण झालं, शेठचं झालं. सरांनी नव्या भिंतीच्या जागेबद्दल शेठचे आभार मानले. मग संस्कृतीला शाल घालायला बोलावलं, तेव्हा शर्मिला उभी राहिली. तिला माइक लागत नाही.

"एक मिनिट. त्या फोटोतली मुलगी माझी आहे. अक्षता. इथं बसली आहे. कडा तिनं उतरला."

अख्खं स्वारगेट ज्या आवाजावर गाड्या बदलतं तो आवाज होता. सुदर्शननं पटकन सनईची रेकॉर्ड लावली. भाऊंनी हाताच्या खुणेनं बंद करायला लावली, त्यांना मौज वाटत असावी. दुसऱ्या रांगेतून, शर्मिलाचं आडनाव ठाऊक असलेला एक जण हळू, पण ऐकू जाईल असं बोलला, "ह्यांना सगळीकडंच आरक्षण पाहिजे." तिथं दोनचार जण हसले. शिबिराची फी इतरांइतकीच भरून, इतरांपेक्षा चांगली उतरलेली ती मुलगी मान वर करून बसली होती. हसणाऱ्यांची नावं मला ठाऊक आहेत. पण लिहून काय उपयोग, तीही फ्लेक्सवर आहेतच.

विक्रमशेठ उठला, हसतमुख. "ताई, कशाला रागावता? हितं सगळ्या पोरी आपल्याच हायेत. भाऊ, पोरीलाच विचारा की. ल्हान लेकरू खोटं बोलंल का?"

भाऊंना कल्पना पसंत पडली. "सांग बाळा. कोण उतरलं?"

संस्कृतीच्या हातात माइक आला. शेठ तिच्या मागे उभा होता, हात तिच्या मानेवर, प्रेमानं ठेवल्यासारखा. समोर पहिल्या रांगेत अक्षता. आणि त्या क्षणी अक्षताचा चेहरा चक्क खुलला. तिला वाटलं, संपलं आता. हिला ठाऊक आहे. हिनं स्वतः पाहिलंय. ही सांगेल.

संस्कृती तिच्याकडे बघतच बोलायला लागली.

"मी उतरले." आवाज बारीक होता. मानेवरचा हात जरासा हलला. "मला आधी भीती वाटली. पण मी खाली नाही बघितलं, दोराकडे बघितलं. आणि... अर्ध्यावर ना, एक सरडा होता."

अक्षताचं तोंड उघडलं ते तसंच राहिलं.

"कपारीत. माझ्या नाकासमोर. त्याचं शेपूट तुटलेलं होतं. तो माझ्याकडे बघून नुसता मान खालीवर करत होता. मला इतकं हसू आलं, मी थांबलेच."

कार्यालय हसलं. मग टाळ्या सुरू झाल्या. पठारावर ज्यांनी तिला अर्ध्यावर थांबलेलं पाहिलं होतं ते एकमेकांना सांगायला लागले, हो, थांबली होती, आम्ही बघितलंय. असलं काही खोटं सांगता येत नाही, हे सगळ्यांना पटलं. भाऊंनी स्वतः उठून तिच्या पाठीवर थाप मारली. टाळ्या वाढल्या तशी संस्कृतीही हसली, आणि ते हसू खोटं नव्हतं. पप्पांच्या बोटांचा विळखा मानेवरून सुटला होता आणि आयुष्यात पहिल्यांदा लोक तिच्यासाठी टाळ्या वाजवत होते. तिला ते आवडलं.

शर्मिलानं खाली वाकून विचारलं, "सरडा होता?"

"होता."

"मग तिला कसं..."

"मीच सांगितलं," अक्षता म्हणाली. "चल आई."

त्या निघाल्या तेव्हा इंद्रजीत सर हिमाचलच्या जागेची घोषणा करत होते. दारात पोचल्यावर अक्षतानं एकदाच वळून पाहिलं. स्टेजवरचं पिवळं जॅकेट आता हसत नव्हतं. सर सांगत होते की यंदाच्या वर्गात घारकड्याच्या तिप्पट उंचीचा कातळ उतरवणार आहेत, आणि आपली वाघीण तिथंही पहिला दोर घेईल. शेठनं जागच्या जागी सुदर्शनला खूण केली. दुसऱ्या दिवशी चौकात तिसरा फ्लेक्स लागला. त्यावर बर्फ होता.

जायच्या आदल्या संध्याकाळी संस्कृती बिबवेवाडीला आली. खाली पप्पांची गाडी आणि ड्रायव्हर. अक्षताचं घर तिसऱ्या मजल्यावर, उघड्या गॅलरीच्या टोकाला. संस्कृती भिंतीला पाठ लावून, तळवे भिंतीवर घासत, एकेक पाऊल आडवं टाकत दारापर्यंत आली. घामानं केस कपाळाला चिकटले होते. शर्मिलानं तिला पाहिलं आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली.

"माझी उद्याची ट्रेन आहे," संस्कृती म्हणाली.

अक्षता गॅलरीतल्या दोरीची गाठ सोडत होती. आता तिथं परत कपडे वाळायचे होते.

"अक्षू, मी मरेन तिथे. मी रोज रात्री उठते. मम्मीनं पप्पांना सांगितलं तर त्यांनी तिला मारलं. तू सांग ना सगळ्यांना की तू उतरलीस. काकूंना म्हण परत सरांकडे जायला. या वेळी मी हो म्हणेन. मी नुसती मान हलवेन, तू फक्त सांग."

"मी सांगितलं होतं."

"परत सांग. तुला जागा मिळेल. तुलाच जायचं होतं ना? प्लीज. मी सॉरी म्हणते. पाया पडते तुझ्या."

आणि ती खरंच वाकली. अक्षता दोरी हातात घेऊन तिच्याकडे बघत राहिली. आत भांड्यांचा आवाज थांबला होता. शर्मिला ऐकत होती, ती बाहेर आली नाही. अक्षतानं हो म्हटलं असतं तर कदाचित काही झालंही असतं. दोन मुली एकच गोष्ट सांगताहेत म्हटल्यावर सरांनाही रेंज मिळाली असती. तेवढं अक्षतालाही कळत होतं. तेरा वर्षांच्या मुलीला जे कळू नये असं आपण म्हणतो, ते सगळं तिला गेल्या आठवड्यात कळलं होतं.

तिनं संस्कृतीला दंडाला धरून उठवलं. हळुवार उठवलं, सराव करताना उठवायची तसंच. संस्कृतीच्या चेहऱ्यावर आशा आली.

"घाबरू नको," अक्षता म्हणाली. "अर्ध्यावर सरडा भेटतो ना तुला."

संस्कृतीला कळायला वेळ लागला. मग तिनं दंड सोडवून घेतला. भिंतीला पाठ लावून, तळवे घासत, ती गॅलरीतून जिन्याकडे निघाली. अक्षता दोरी बांधायला लागली. खाली ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, तशी संस्कृती मध्येच थिजली आणि तिनं डोळे मिटून घेतले. खाली बघू नको, असं सांगणारं कुणीच बोललं नाही.